कागदावरचा बोकड

९ जानेवारी २०२४

सत्यशीलानं आज घरात ठराव मंजूर केला. "आयुषचे बाबा, तुमची जीभ हापिसात चालली की आपलं सामान ट्रकमध्ये चढते. आता जे बोलायचं ते कागदावर बोला आणि कपाटात ठेवा." ठरावाविरुद्ध एकच मत होतं, माझं. ते मोजलं गेलं नाही. तीन बदल्या झाल्यात, तेव्हा बाईचं म्हणणं अगदीच चूक नाही. शेवटची मोहर्लीकडच्या जनावरांच्या दवाखान्यातून झाली. सफारीला आलेल्या एका मोठ्या पाहुण्यानं मला विचारलं होतं, "इथल्या गाईंचा वाघांना त्रास होतो का?" मी म्हटलं, "तक्रारी अजून तरी गाईंकडूनच येतात, साहेब." पंधरा दिवसांत वाकडमोह्याला.

तर वाकडमोह्यात आज नगरपंचायतीच्या नव्या कत्तलखान्याचं उद्घाटन झालं. मंगळवारी गावातले बरेच लोक मटण खात नाहीत, म्हणून मंगळवार निवडला असावा. फीत कापली, नारळ फोडला. या इमारतीतला पहिला बळी तो नारळ, आणि त्याला माझं प्रमाणपत्र नव्हतं.

इमारत चांगली आहे, खोटं कशाला बोलू. पांढऱ्या फरश्या, वाहतं पाणी, जनावरं थांबवायला सावलीचा गोठा, आणि मधोमध पुरुषभर उंचीची भिंत. जनावर कापण्याआधी बधिर करायचं यंत्रही आलंय. ते थर्माकोलच्या पेटीत आहे आणि पेटी उघडायला कोणाला सांगितलेलं नाही. दारावर निळ्या रंगात नियम लिहिलेत. गाभण जनावर कापायचं नाही. तीन महिन्यांच्या आतलं पिल्लू नाही, आणि तेवढं पिल्लू असलेली आईही नाही. आणल्यावर चोवीस तास विश्रांती. एकाच्या डोळ्यांदेखत दुसऱ्याला कापायचं नाही, भिंत त्यासाठी. आणि डॉक्टरनं तपासल्याशिवाय कोणालाच नाही.

वाचून बोकडांचा हेवा वाटला. सलग चोवीस तास विश्रांती मला माझ्या लग्नातही मिळाली नव्हती.

तो डॉक्टर म्हणजे मी. तीन दवाखाने आधीच माझ्याकडं आहेत, हा चौथा कार्यभार. मुख्याधिकारी म्हणाले, "डॉक्टर, सहीचंच तर काम आहे."


१४ जानेवारी

आज पहिला रविवार, बाजाराचा दिवस. मुखरू खाटीक आला. चाळीस वर्षं हा माणूस बाजाराच्या टोकाला चिंचेखाली कापत आला. आता चिंच बंद, परवाना मुखरूच्या नावावर, जागा ही. सोबत त्याची बायको, रुखमाबाई. किरकोळ अंगाची, साठीची, तोंडात तंबाखूची गोळी.

लच्छू व्यापाऱ्यानं जिवतीच्या पहाडावरून पिकअपमध्ये सहा जनावरं आणली होती. रुखमाबाई सरळ गोठ्यात शिरली. एकेका जनावराजवळ उकिडवी बसे, डावा हात पोटाखालून कासेच्या पुढं नेऊन ठेवी, डोळे मिटी. बराच वेळ काहीच होत नसे. मग म्हणे, "घ्या." चौथ्याला म्हणाली, "हे नाई." लच्छू ओरडला, "काऊन नाई? चरबी हाय ते बाई, चरबी!" ती म्हणाली, "चरबी लाथ मारत नाई, लच्छू." मुखरूनं दोर सोडून लच्छूच्या हातात दिला. त्यालाही ते आवडलेलं दिसलं नाही, पण दिला.

गंमत वाटली. पण दारावर "अनधिकृत व्यक्तीस प्रवेश नाही" असंही लिहिलंय, तेही त्याच निळ्या रंगात. परवान्यावर नाव एकाचं. मी म्हटलं, "रुखमाबाई, उद्यापासून तुम्हाला आत येता येणार नाही."

"मंग हात कोन लावन?"

"मी. ते माझं काम आहे आता."

"तुमी?" तिनं माझ्या हातांकडं पाहिलं. चेहऱ्याकडं नाही, हातांकडं. मग पदर खोचला आणि गेटबाहेर कडुनिंबाखाली जाऊन बसली.

पाच वर्षं शिकून मिळवलेली पदवी आणि पंचवीस वर्षांची नोकरी एका नजरेत नामंजूर. सत्यशीलाला सांगितलं तर हसली. बराच वेळ हसली.


२१ जानेवारी

आजचा शोध: वाकडमोहा हे गाव फक्त बोकड खातं.

नगरपंचायतीच्या बाबूनं प्रमाणपत्रं छापून आणली. "सदर बोकड, बिल्ला क्रमांक अमुक, मी स्वतः तपासला असून कत्तलीस योग्य आहे." मी विचारलं, शेळी आली तर? बाबू म्हणाला, मुखरूनंच तसं सांगितलं. मुखरूला विचारलं.

"डाक्टरसाहेब, गावात बकरी कोन खाते? तुमी खाता?"

"मी बोकडच घेतो तुझ्याकडून."

"हां." एवढंच म्हणून तो सुरीला धार लावत राहिला.

मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. पहाडावर शेळ्या म्हाताऱ्या होतात, भाकड होतात, विकल्या जातात, पिकअपमध्ये चढतात, आणि वाकडमोह्याची वेस ओलांडली की त्यांचं लिंग बदलतं. एवढं मोठं ऑपरेशन आम्हाला कॉलेजात शिकवलं नव्हतं. मी सात प्रमाणपत्रांवर सह्या केल्या. सातही बोकड. त्यातल्या तीन मला पाहून बें-बें ओरडल्या.


४ फेब्रुवारी

रविवारी सकाळीच लसीकरणाचं शिबिर लागतं आणि कत्तलखानाही सकाळीच. दोन्हीकडं एकटा मी. उपाय काढला: तीस प्रमाणपत्रांवर आगाऊ सह्या-शिक्के करून शिपाई रामाजीकडं ठेवली. बिल्ला नंबर तो भरेल. मुखरूची सोय, माझी सोय, आणि बोकडांना काय, कागद वाचता येत नाहीत.

नियमात तासाला बारापेक्षा जास्त जनावरं तपासू नयेत असं आहे. मी ती मर्यादा कधीच ओलांडत नाही.


१७ फेब्रुवारी

उद्या चंद्रपूरहून जिल्ह्याच्या प्राणिक्लेश प्रतिबंधक समितीच्या सदस्य, वकील दीपाली मॅडम, पाहणीला येणार. म्हणून आज शनिवारीच लच्छूचा माल आला. पहिल्यांदाच जनावरांना खरोखर चोवीस तासांची विश्रांती. मला मात्र दिवसभर बसायला वेळ नाही: विश्रांती-नोंदवही पाच आठवडे मागं होती, ती आज भरून काढली. सगळी जनावरं शनिवारी संध्याकाळी पोचली, पाणी प्याली, शांत झोपली. अक्षर मुद्दाम दोन-तीन पेनांनी बदललं.

निघताना गेटवर रुखमाबाईनं गाडी अडवली.

"साहेब, ते तांबडी पाह्यली का? फाटक्या कानाची?"

"का?"

"उतरताना पाय कसे टाकून राह्यली होती. हात लावून पाहा एकडाव. मले आत येऊ देत नाई तं तुमी लावा."

"पाहतो," म्हटलं. मुख्याधिकाऱ्यांचा तिसरा फोन वाजत होता, गेटला रांगोळी काढायची की नाही यावर. कत्तलखान्याच्या दाराशी रांगोळी! मी म्हटलं काढा, फक्त 'सुस्वागतम्' लिहू नका.


१८ फेब्रुवारी

लिहायला बसलोय आणि एकही वाकडं वाक्य सुचत नाही. जे झालं ते सरळ लिहितो.

दीपाली मॅडम बसनं आल्या, साडेआठला. पस्तिशीच्या असतील. फरश्या, पाणी, गोठा पाहिला. भिंत पाहून म्हणाल्या, "हे छान केलंत." यंत्राची पेटी पाहून वहीत काहीतरी लिहिलं. मी त्यांना नोंदवह्या दाखवत होतो, भिंतीच्या अलीकडं. पलीकडं मुखरूचं काम चालू होतं. पाण्याचा आवाज येत होता. मग नुसताच पाण्याचा आवाज यायला लागला.

आम्ही पलीकडं गेलो. मुखरू फरशीवर बसला होता, पाय पसरून, लहान मूल बसतं तसा. सुरी त्यानं लांब ठेवली होती. फाटक्या कानाची तांबडी आडवी होती आणि तिच्या बाजूला दोन पिल्लं. केस आलेले. खूर अजून मऊ, पिवळट. एकाच्या पाठीवर पांढरा ठिपका होता. जन्माला थोडे दिवसच राहिले असतील.

"चिचेखाली चाळीस वर्सं," मुखरू म्हणाला. "एकडाव नाई झालं. एकडाव नाई."

दीपाली मॅडमनी रामाजीकडून प्रमाणपत्र मागितलं. बिल्ला सत्तावीस. वाचलं. मग मला विचारलं, अगदी हळू, "डॉक्टर, यावर लिहिलंय 'मी स्वतः तपासला'. हात लावला होता?"

मी म्हणालो, "प्रमाणपत्र रीतसर आहे, मॅडम."

हे मी म्हणालो. लिहून ठेवतो.

ती भिंत एका जनावराला दुसऱ्याचं मरण दिसू नये म्हणून बांधली होती. सहा रविवार तिच्याआड मी उभा होतो.


२० फेब्रुवारी

मुख्याधिकाऱ्यांनी बोलावलं. मी मनाची तयारी करून गेलो. त्यांनी चहा मागवला. साहेब चहा मागवतात तेव्हा कोणाचा तरी घात ठरलेला असतो. आज तो माझा असेल असं धरून चाललो होतो.

"डॉक्टर, तुम्ही वाचलात," ते म्हणाले. "प्रमाणपत्र नीट पाहिलं का? काय लिहिलंय?"

"बोकड."

"बोकड गाभण राहतो का? तुम्ही तज्ज्ञ, तुम्ही सांगा."

मी हसलो. देवाशपथ, आधी हसलो.

"म्हणजे तुम्ही तपासला तो बोकड होता. कापली गेली ती शेळी. याचा अर्थ मुखरूनं सत्तावीस नंबरचा बिल्ला काढून बिनतपासणीच्या शेळीला लावला. बोकड गायब केला. परवाना आजपासून निलंबित. तुमचा खुलासा आला की रद्द करू आणि पोलिसांत देऊ. सव्वीसला सुनावणी ठेवलीय, मॅडमपण येतील. तुम्ही फक्त लिहून द्या की प्रमाणपत्र बरोबर आहे."

चहा चांगला होता. खाली उतरलो तेव्हा कळलं की आपण काय ऐकलं. जो बोकड कधी जन्मलाच नाही, त्याच्या चोरीबद्दल मुखरूला आत टाकणार. आणि त्या बोकडाचा जन्मदाखला माझ्या सहीचा आहे.

अशी गोष्ट मी रचली असती तर लोक म्हणाले असते, डॉक्टर अति करतो.


२२ फेब्रुवारी

मुखरूच्या घरी गेलो. जायचं नव्हतं. दवाखान्यातून घरी निघालो होतो, गाडी तिकडं वळली. गाडीवर ढकलायला बरं.

दारात चूल थंड. सगळ्या सुऱ्या तेल लावून फडक्यात गुंडाळून आढ्याला टांगलेल्या. मुखरूनं दाढी केली नव्हती. मला वाटलं परवान्याच्या काळजीनं. म्हटलं, "मुखरूभाऊ, सुनावणी व्हायचीय अजून, इतक्यात हातपाय गाळू नको."

"ते तं पाहू जी. हे सुतक हाय."

"कोण गेलं?"

त्यानं माझ्याकडं पाहिलं, जणू मी फार लांबून आलोय. रुखमाबाई आतून बोलली, "बाळंतीण गेली नाई का आमच्या हातून? दोन लेकरं गेली. सव्वा महिना सुरी धराची नाई. माह्या सासऱ्याच्या हातून झालं होतं एकडाव, तवा त्यानं बी धरलं. आमच्यात असंच आहे."

मी हिशेब केला. अठरा फेब्रुवारीपासून सव्वा महिना म्हणजे सव्वीस मार्च. पंचवीसला धुळवड. वर्षातला सगळ्यात मोठा मटणाचा दिवस. म्हटलं, "धुळवड जाईल की."

"गेली तं जाऊ द्या," मुखरू म्हणाला.

कायद्यानं अजून गुन्हा ठरवला नव्हता, आणि ही दोघं घरी बसून शिक्षा भोगत होती. ती ठरवायला त्यांना ना सुनावणी लागली, ना वकील.

रुखमाबाई पाण्याचा गडू घेऊन बाहेर आली. विचारलं, त्यात टोमणा नव्हता, खरंच माहीत करून घ्यायचं होतं तिला: "तुमच्यात काय धरतेत, साहेब? डाक्टर लोकायत?"

मी पाणी प्यालो. सगळा गडू प्यालो. रिकामा गडू तिच्या हातात दिला.

निघताना मुखरू म्हणाला, "तुमी लिहून देसान ना, का बकरी तुमच्याच कागदानं आत गेली? बिल्ला मी नाई बदलला. बस एवढंच लिहा. बाकी कापली तं मीच."

"पाहतो," मी म्हणालो.

गाडीला किक मारली तेव्हा आठवलं, हाच शब्द मी गेटवर रुखमाबाईलाही दिला होता.


२४ फेब्रुवारी

माघ पौर्णिमा. बुद्धविहारात वंदना. पहिल्या शिलाला, प्राणिहिंसा न करण्याच्या त्या ओळीला, माझा आवाज कमी झाला. सत्यशीलानं वळून पाहिलं नाही. पाहिलं असतं तर बरं झालं असतं.

परतताना तिला सगळं सांगितलं. बदली होईल म्हणाली का? नाही. चौकशी लागेल म्हणाली का? तेही नाही. आयुषचं नागपूरचं शिक्षण मीच काढलं. ती म्हणाली, "मी तुम्हाला बोलू नका म्हटलं होतं. खोटं लिहा असं म्हटलं नव्हतं."


२५ फेब्रुवारी

दिवसभर खुलासा लिहितोय. चार मसुदे झाले.

पहिला: "सदर पशूची गर्भावस्था तपासणीवेळी निदर्शनास आली नाही." सरकारी मराठीत कोणी काहीच करत नाही, हे मला आज नीट कळलं. सगळं आपोआप होतं. गोष्टी निदर्शनास येतात किंवा येत नाहीत, त्रुटी राहून जातात, फायली गहाळ होतात. माणूस त्या वाक्यांत कुठंच नसतो.

दुसरा: "अतिरिक्त कार्यभारामुळे..." तीन पानं. दवाखाने, शिबिरं, किलोमीटर. प्रत्येक शब्द खरा. वाचल्यावर मलाच माझी दया आली, तेव्हा फाडला.

तिसरा विनोदी होता. त्यात गायब बोकडाचं वर्णन होतं: रंग कागदी, उंची एक ओळ, ओळखीची खूण माझी सही. हा चांगला जमला होता. सत्यशीलाला वाचून दाखवला. ती हसली नाही. म्हणाली, "यात मुखरूभाऊ कुठं आहे?"

चौथा एका ओळीचा आहे. खिशात ठेवलाय. देईन की नाही, माहीत नाही. तिसराही फेकलेला नाही.


२६ फेब्रुवारी

सुनावणी. टेबलाच्या एका बाजूला मुख्याधिकारी, मॅडम, बाबू. समोर मुखरू, उभा. खुर्ची रिकामी होती, पण त्याला कोणी बस म्हटलं नाही. मीही नाही म्हटलं. हे आत्ता लिहिताना लक्षात आलं.

मुख्याधिकारी म्हणाले, "डॉक्टर, प्रमाणपत्र बरोबर आहे ना?"

दोन्ही खिशांत एकेक कागद. हात उजव्यात गेला, तिथं विनोदी होता. मग दीपाली मॅडमनी तोच प्रश्न विचारला, तितक्याच हळू. "हात लावला होता?"

"नाही," मी म्हणालो.

एकदा सुटल्यावर मग सगळं बाहेर आलं. सह्या आगाऊ आहेत. शेळ्यांना बोकड लिहितो, पहिल्या दिवसापासून. विश्रांतीची वही शनिवारी बसून भरली. रुखमाबाईला मी बाहेर काढलं आणि तिनं सांगितलेलं ऐकलं नाही. मुखरूनं बिल्ला बदललेला नाही, कारण बोकड नव्हताच. मॅडम लिहीत होत्या. मुख्याधिकारी माझ्याकडं असं पाहत होते, जसं मी त्यांच्या बैठकीत विष्ठा तपासायला घेतलीय.

"डॉक्टर, तुम्हाला कळतंय का तुम्ही काय बोलताय?"

"आज कळतंय, साहेब."

मोठं वाक्य झालं. बाहेर आल्यावर मनात पहिला विचार आला की वाक्य चांगलं जमलं. असा माणूस आहे मी.

मुखरू जिन्यात थांबला होता. मला वाटलं आभार मानेल. तो म्हणाला, "साहेब, बकरी बी सांगून देल्ली तुमी?"


५ मार्च

मुखरूचं बरोबर होतं. ते मला सुचायला हवं होतं.

गाभण शेळी कापली गेली, गाव हळहळलं, दोन दिवसांत विसरलं. पण वाकडमोह्यानं सहा आठवडे शेळी खाल्ली, हे कळताच गावाची अब्रू गेली. पानठेल्यावर, दवाखान्यात, एकच विषय. काल एक शिक्षक बैलाला इंजेक्शनसाठी घेऊन आले आणि म्हणाले, "डॉक्टर, आम्हाला शेळी चारली हो त्यानं! आमच्याकडं जावई येऊन गेला त्या रविवारी!"

मी विचारलं, "जावयानं काय म्हटलं होतं?"

"काय म्हणणार? बोकड छान आहे म्हणाला."

जावयाचा मान राहिला होता, तोही मी घालवला.

आजूबाजूच्या गावांतून लोक मटण आणताहेत. तिथं अर्थातच फक्त बोकड मिळतो. मुखरूला निर्दोष ठरवताना मी त्याचं गिऱ्हाईक मारलं. त्याच्या घरावरून गेलो, थांबलो नाही.


१३ मार्च

दोन कागद एकाच दिवशी आले. मुखरूचा परवाना परत, आणि त्यावर मॅडमच्या शिफारशीनं दुसरं नाव: "रुखमा, मदतनीस, जनावरांच्या गोठ्यात प्रवेशास पात्र." दुसरा कागद मला: विभागीय चौकशी, दोषारोप पाच. वाचले. पाचही खरे आहेत. नोकरीत पहिल्यांदाच सरकारचं आणि माझं एकमत झालं.

चौकशी संपेपर्यंत कत्तलखाना माझ्याचकडं. दुसरा डॉक्टर नाही.


२५ मार्च

धुळवड. सकाळपासून कत्तलखान्यापुढं पन्नासेक माणसं, रंगलेली, पिशव्या घेऊन. शेळीचा राग वीस दिवस टिकला, धुळवडीला विरघळला. आजूबाजूच्या गावांत रांगा लागल्यात म्हणे. दाराला कुलूप. मुखरूच्या घरी गेले, तर मुखरू दारात बसलेला.

"रविवारी या," तो म्हणाला.

"रविवारी काय तुझ्या घरी लगन आहे? आज धुळवड हाय लेका!"

"आज सुतक हाय माह्या घरी."

"कोनाचं बे?"

त्यानं सांगितलं. लोक आधी हसले. एकानं त्याच्यावर रंग उधळला. मुखरूनं तो पुसला नाही, उठला पण नाही. मग हसणं कमी कमी होत गेलं, आणि लोक पिशव्या घडी करून निघाले. मी रस्त्याच्या पलीकडं गाडीवर होतो. माझ्याही हँडलला पिशवी होती. सत्यशीलाला सांगितलं, आज वरणभात. ती म्हणाली, कुकर आधीच लावलाय.


३१ मार्च

रविवार. सुतक फिटलं. लच्छूनं काल संध्याकाळी पाच जनावरं आणली, खरोखर काल. नोंद मी एकाच पेनानं केली.

सकाळी सातला गेलो. रुखमाबाई गोठ्यात होती. म्हटलं, "लावा हात."

"तुमी लावा," ती म्हणाली. "कागद तुमचा हाय."

बसलो. गुडघे वाजले. पहिल्या चारांना काही नाही. तिनं मागून हात लावला आणि मान हलवली. पाचवी काळी, पोट फारसं दिसत नव्हतं. मी हात ठेवला, जरा दाबला, काढायला लागलो.

"काऊन काढून राह्यले?"

"काही लागत नाही."

"तुमाले लागत नाई तं तिले बी कळत नाई का कोनी परका हात लावून राह्यला? ते आखडली हाय. ठेवा. बोलू नका."

ठेवला. माझ्या पंचवीस वर्षांत मी कुठल्याही जनावरावर एवढा वेळ हात ठेवलेला नव्हता. तिचा श्वास आधी भरभर होता, मग सावकाश झाला. तळव्याखाली ऊब, रवंथ, आणखी काही नाही. पायाला मुंग्या आल्या. मग आतून कोणीतरी ढोपर टेकवावं तसं एकदा लागलं. आणि परत.

मी वर पाहिलं. रुखमाबाई माझ्या हाताकडं पाहत होती.

"परत," मी लच्छूला म्हणालो.

लच्छू छापील प्रमाणपत्र नाचवायला लागला. जुना गठ्ठा अजून संपलेला नाही. "साहेब, पन कागदावर तं बोकड हाय ना!"

कागद घेतला, 'बोकड' खोडलं, वर 'शेळी' लिहिलं, खाली 'गाभण, नामंजूर'. उरलेल्या चारांवरही खाडाखोड केली: चारही शेळ्या. मग ते कागद रामाजीला गेटवर चिकटवायला दिले. मुखरूनं ते वाचून दाखव म्हटलं, ऐकलं आणि कपाळाला हात लावला. पण काढून टाका म्हणाला नाही.

त्यानं सुरी फडक्यातून सोडली. पहिलं जनावर नेलं. मी भिंतीला वळसा घालून पलीकडं गेलो.

"साहेब, इथी काऊन? भाईर बसा ना, खुर्ची हाय."

"असू दे."

"कपडे खराब होतीन."

"असू दे, मुखरूभाऊ. कर तू."

त्यानं काम सुरू केलं. त्याचा हात फार लवकर चालतो, हे मला माहीत नव्हतं. यंत्र आजही पेटीतच आहे. उद्या ती पेटी उघडायचं पत्र देतोय. चौथ्या जनावराच्या वेळी माझी मान खाली गेली आणि वर आली तेव्हा सगळं झालेलं होतं.

आजची नोंद. आलेली: पाच. नामंजूर: एक. मंजूर: चार. पाहिली: तीन.